सिंधुकाकूंवर मारलेले शिक्के

औशाजवळच्या खेड्यातल्या सिंधुकाकूंनी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या रस्त्याचं कौतुक केलं, तेव्हा दयानंदनं त्यांना 'अंधभक्त' ठरवलं. पुढं सोयाबीनच्या भावावरून त्यांनी सरकारला झापलं, तर सत्यमनं थेट 'देशद्रोही' म्हणून टाकलं. काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी लिहिलं, "उद्या येळवस हाय. दोघंबी आमच्या शेतात जेवायला या."

येळवशीचं, म्हणजे वेळा अमावास्येच्या शेतातल्या सणाच्या जेवणाचं, आवतन कोण मोडतंय? दोघं आले आणि पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीपाशी मांडी घालून बसले. काकूंनी पालेभाज्या नि हिरव्या दाण्यांची भज्जी वाढली, ताकातली आंबील ओतली आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "आता तोंडावर सांगा, मी कोण हाय?"

दोघं भराभर भज्जी चापू लागले. सत्यम ताट पुढं करत पुटपुटला, "काकू, भज्जी लई झकास. अजून वाढा."

"वाढते की. पण आधी ग्रुपवर मला जे म्हणलास, ते मोठ्यानं म्हण!"