करड्या रांगोळीखाली

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पाण्यानं दिवा पेटवणं, लिंबातून रक्त काढणं, नारळातून केस काढणं हे सगळे 'चमत्कार' मी तीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत शाळाशाळांतून स्वतः करून दाखवलेत आणि मग त्यामागचं रसायन फळ्यावर लिहून दिलंय. या सदरातले अनुभवही मी आजवर वाचत आले ते खरं तर चुका काढायला. अमुक वाजता वीज गेली होती तर तमुक दिसलं कसं, वगैरे. तेव्हा आता तुम्ही माझ्या चुका काढा. माझी काही हरकत नाही. उलट एखादी चूक सापडली तर कळवाच. मला झोप तरी लागेल.

मी सांगलीत राहते, चित्रकलेची निवृत्त शिक्षिका आहे आणि रांगोळी काढते. दारातली ठिपक्यांची नव्हे, व्यक्तिचित्रं. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको, आमच्याकडे या प्रकाराचं वेड आहे. माणसाचं कातडं, डोळ्यांतलं पाणी, सुरकुत्या... सगळं चिमटीतून. चेहरा हा माझा हातखंडा विषय. एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. बसस्टॉपवर कुणी टक्कल पडलेला माणूस 'बाई, ओळखलंत का?' म्हणाला की मी त्याला त्याच्या बाकाचा नंबर सांगते. हे बढाई म्हणून नाही सांगत. पुढं लागणार आहे म्हणून सांगते.

माझे वडील, आण्णा, माझ्याकडेच असतात. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, मग गावी ऊस केला. गाव कराडच्या अलीकडं, कृष्णाकाठी. आता वय चौऱ्याऐंशी. दोन वर्षांपासून त्यांची आठवण जायला लागलीय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, हे वाढत जाणार. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग जावयाचं गेलं. हे म्हणाले, "बरं झालं, आता मला निदान शिव्या तरी नावानिशी बसणार नाहीत." आम्ही हसलो. पण मला माहीत होतं, रांगेत पुढचा नंबर माझा आहे.

आण्णांना एकच गोष्ट हवी होती. त्यांच्या धाकट्या भावाचा, संपतकाकाचा चेहरा.

मी काकाला पाहिलेलं नाही. माझा जन्म तो गेल्यानंतरचा. तो सतरा वर्षांचा असताना आण्णा सुट्टीवर आले होते आणि त्याला भरतीला घेऊन गेले. आमच्या घरात हे ठरलेलंच, थोरला फौजेत गेला की धाकट्यानं मागनं जायचं. संपतकाका रांगेतून पळाला. आण्णांनी त्याला कराड स्टेशनवर गाठला आणि चार लोकांत मुस्काटात दिली. काकानं तोंड फिरवलं आणि समोर उभ्या असलेल्या गाडीत चढला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही. मिरजेत शोधलं, पुण्यात शोधलं, पेपरात दिलं. काही नाही. भरतीच्या अर्जासाठी काढलेला एकुलता एक फोटो आजीच्या ट्रंकेत होता, ती ट्रंक पुरात गेली.

आठवण जायला लागली हे कळल्यावर आण्णांनी वही घातली. फौजी माणूस, शिस्तीचा. रोज सकाळी चहानंतर एक पान. ती मी वाचली आणि खरं सांगते, बापाला इतकं लिहिता येतं हे मला साठाव्या वर्षी कळलं. त्यातली एक ओळ मला पाठच झालीय : 'डोळे मिटले की संपतचा शर्ट दिसतो, हातातली पिशवी दिसते, चेहरा दिसत नाही. तो त्यानं फिरवून नेला.'

"सुमे," ते मला म्हणायचे, "दुनियेची त्वांडं काढतीस. माझ्या संपतचं येक काढ की."

"आण्णा, सांगा ना मग. नाक कसं होतं? डोळे कसे होते?"

"त्येच तर न्हाई येत गं ध्यानात."

असं आमचं वर्षभर चाललं होतं.

मागच्या हिवाळ्यात आमच्या कलाकार मंडळींनी विश्रामबागच्या बाजूला एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. विषय आठवण आणि ताटातूट. अट अशी की प्रत्येकानं काहीतरी लिहिलेलं निवडायचं, कविता, कथा, कादंबरी, आणि त्यावरून रांगोळी काढायची. बाकीच्यांनी पुस्तकं निवडली. मी आण्णांची वही निवडली. आमचे पाटील सर कुरकुरले, "बाई, ही छापलेली न्हाई." मी म्हटलं, लिहिलेली आहे ना? झालं तर.

माझी रांगोळी आठ फूट बाय दहा फूट होती. कराडचा प्लॅटफॉर्म, मागं गाडीचा डबा, आणि मधोमध समोर तोंड करून उभा असलेला पोरगा. शर्ट, पिशवी, पायातल्या वहाणा, सगळं बारीक काढलेलं. चेहऱ्याच्या जागी मात्र काही नाही. नुसती करडी रांगोळी, चाळणीनं सपाट पसरलेली. ही करडी रांगोळी विकत मिळत नाही. प्रदर्शन संपलं की सगळ्यांची चित्रं झाडूनं एकत्र भरतात, सगळे रंग मिसळून राखेसारखा एक रंग होतो. जुन्या चित्रांचा तो भुगा मी डब्यात साठवते. म्हटलं, पुसलेल्या चेहऱ्याला हाच रंग हवा. माझी मलाच कल्पना फार आवडली होती, लपवत नाही. पाटील सरांनी तेवढ्यात टोमणा मारलाच, "त्वांड जमंना म्हणून सोडलं व्हय?"

आता जरा नीट वाचा. एवढ्या मोठ्या रांगोळीत मधला भाग आधी करतात, मग मागं सरकत सरकत कडा. नंतर मध्ये हात लावायचा तर विटांवर लांब फळी टाकून तिच्यावर आडवं व्हावं लागतं. ती फळी उचलायला दोन माणसं लागतात. संध्याकाळी सातला माझं काम संपलं. मी फोटो काढला. त्यात करडा चेहरा स्वच्छ दिसतो. फळी आणि विटा मागच्या खोलीत ठेवल्या. खिडक्या बंद, पंख्यांच्या बटणांवर कागद चिकटवलेले. हॉलला दार एकच. कुलूप मालनबाईंनी माझ्यासमोर लावलं. त्या तिथली झाडलोट बघतात, किल्ली त्यांच्याकडेच असते.

सकाळी आठला आम्ही दोघी बरोबरच आत गेलो. मालनबाई माझ्या पुढं होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्वांड काढलंसा व्हय शेवटी? ब्येस केलंसा. लय जिवंत वाटतंय."

करड्या जागेवर चेहरा होता.

माझ्या हातचा नव्हता. रेघा जाडसर, सावली कशी द्यायची ते ठाऊक नसलेल्या माणसाच्या. पण चेहरा होता. डाव्या भिवईत मध्येच खाच. पुढचा एक दात अर्धा तुटलेला. मी फार तर दोन मिनिटं पाहिलं असेल, आणि त्या दोन मिनिटांत मला काय वाटलं ते सांगते. भीती नाही, आश्चर्य नाही. राग. नुसता राग. माझ्या डोक्यात एकच नाव होतं, पाटील सर.

फोटो का नाही काढला? हे मला सगळ्यांनी विचारलंय. अहो, दहाला उद्घाटन होतं आणि माझ्या चित्राचं कुणीतरी वाटोळं केलं होतं. वाटोळं झालेल्या चित्राचा फोटो कोण काढतं? मालनबाईंना हाताशी घेऊन फळी आणली, विटांवर टाकली, पालथी झाले आणि चाळणीनं करडी रांगोळी त्या चेहऱ्यावर सोडली. आधी दात गेला, मग डोळे, भिवई सगळ्यात शेवटी. पाच मिनिटांत पूर्वीसारखं सपाट. मग पाटील सरांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले.

"बाई," ते म्हणाले, "मी काल दुपारपास्नं विट्यात हाय. भाचीच्या हळदीत. देऊ का फोन कुणाकडं?"

मागं ताशा वाजत होता. तरी मी त्यांना खोटारडा म्हटलं. त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय ते आजतागायत.

अकराच्या सुमारास हे आण्णांना रिक्षानं घेऊन आले. आण्णा काठी टेकत रांगोळीच्या कडेला उभे राहिले. चित्रावरून नुसती नजर फिरवत राहिले. मला वाटलं, हे काय आहे तेच कळत नसावं. मग ते काठीनं गाडीचा डबा दाखवत म्हणाले, "कराड." मी म्हटलं, हो आण्णा.

"त्वांड न्हाई काढलंस."

"तुम्हीच लिहिलंय ना, दिसत नाही म्हणून..."

"व्हय. पर आत्ता आलं ध्यानात." ते त्या करड्या जागेकडंच बघत होते. "भिवईत खाच व्हती त्येच्या. डाव्या. कोयत्याचं टोक लागल्यालं. आन् म्होरला दात निम्मा. विटी बसली व्हती माझी."

मी खाली बसले. चक्क फरशीवर. ह्यांना वाटलं, मला चक्कर आली.

वहीत दात नाही, भिवई नाही. मी नंतर पान न् पान तपासलं. आण्णांना आदल्या दिवसापर्यंत ते आठवत नव्हतं, मग ते कुणाला सांगणार? लहानपणी आजीकडून मी ऐकलं असेल आणि थकव्यात मीच रेखाटलं असेल, असंही धरून पाहिलं. पण मग सातचा फोटो? आणि कुलूप? आणि सकाळी रांगोळीवर कुठं पाऊल नव्हतं, विटेची खूण नव्हती, पाल फिरली तर पडते तेवढी नक्षीसुद्धा नव्हती. दोघींना भास झाला म्हणावं, तर सकाळी चाळणीनं रिकामा केलेला करड्या रांगोळीचा डबा अजून माझ्याकडं आहे. मालनबाईंना मी चारदा विचारलं. "पोरगं व्हतं बगा," एवढंच त्या सांगतात. "कसं व्हतं त्ये न्हाई आता येत ध्यानात."

त्या दिवशी खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्यानं राहवलं नाही. फरशीवर बसल्या बसल्या मी आण्णांचा हात धरला आणि सगळं सांगितलं. सकाळी चेहरा होता, भिवईत खाच होती, निम्मा दात होता, आणि आण्णा, मी तो पुसला. माझ्या या हातानं पुसला.

मला वाटलं, ते काठी उचलतील. त्यांनी ती उचलली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. त्यांनी फक्त विचारलं, "हसत व्हता का गं?"

साठ वर्षं त्यांच्या मनात काय होतं ते मला तेव्हा कळलं. तोंड फिरवून गेलेला भाऊ पुन्हा समोर आला, तो रागानं की कसा, एवढंच त्यांना हवं होतं.

मी म्हटलं, "हो. हसत होता."

आता खरं सांगायची वेळ आली. मला माहीत नाही. एकदा पाहिलेला चेहरा न विसरणारी मी... मला तो चेहरा आठवत नाही. घरी आल्यावर मी कागद घेतला. भिवई काढली, खाच काढली. दात काढला. मधलं काहीच येईना. त्यानंतर कित्येकदा बसले. पेन्सिल तिथं गेली की थांबते. डोळे मिटले की मला चाळणी दिसते, माझा हात दिसतो, चेहरा दिसत नाही. आण्णांच्या वहीतली ओळ आता माझीच झालीय. त्यांच्यावर तरी काळानं वेळ आणली, माझ्यावर मीच आणली.

मनाची समजूत घालायला एकच गोष्ट आहे माझ्याकडं. ओठ मिटलेले असते तर निम्मा दात मला दिसलाच नसता. पण ओरडतानाही दात दिसतात, रडतानाही दिसतात, हे चेहरे काढणारीला कुणी शिकवायला नको.

आण्णा आता वही लिहीत नाहीत. संपतचा चेहरा काढ म्हणूनही म्हणत नाहीत. गेल्या आठवड्यात मी त्यांना चहा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडं परक्या बाईकडं बघावं तसं अदबीनं बघितलं आणि "बसा" म्हणाले. माझा नंबर आला होता. मी बसले.

"माझी लेक हाय येक," ते सांगायला लागले. "शाळंत मास्तरीण. माझा भाऊ गेल्याला, तिनं बघितला त्येला."

मी विचारलंच. दुसऱ्या कुणाला विचारणार?

"हसत होता का हो तो?"

"व्हय तर," आण्णा म्हणाले. "तिला दात दिसला की त्येचा. निम्मा."