शून्याचे इनचार्ज

भोंगा माझ्या हाताने वाजत होता तोवर सांगण्यासारखं काही घडत नसे. भोंगा वाजायचा, माणसं आत जायची. कंपनीत कॉम्प्युटरचं घड्याळ आलं आणि किस्से साचायला लागले.

काम साधं आहे. पृथ्वी फिरताना जरा मागे पडते, म्हणून जगाच्या घड्याळात कधीतरी एक सेकंद जादा घालतात. आजवर घातलेल्या सेकंदांची यादी कॉम्प्युटरला द्यावी लागते. दर सहा महिन्यांनी नवी यादी येते. जुनीची मुदत संपली की पडद्यावर लाल पट्टी. निवृत्तीनंतर मला या कामासाठीच ठेवलंय. माझं कॉन्ट्रॅक्टही सहा महिन्यांचंच. या डिसेंबरापर्यंत माझ्या हातून एकदाही मुदत चुकलेली नव्हती.

*

मागे एकदा खरंच सेकंद घातला, पहाटे साडेपाचला. भिकू फिटर म्हणाला, "काका, त्या सेकंदाचा ओव्हरटाइम हाय काय?"

"दिवसभरात तेवढं काम केलंस तर मागून बघ."

*

नवे साहेब आले. विचारलं, "गेल्या इतक्या वर्षांत नवा सेकंद घातलेला नाही, मग नवी यादी कशाला?"

"घातला नाही, हेच यादी सांगते."

"म्हणजे काहीच नाही, ते तुम्ही वर्षातून दोनदा आणता?"

"हो."

कँटीनमध्ये त्यांनी माझं नाव ठेवलं, शून्याचे इनचार्ज. भिकूसुद्धा हसला. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मिळणार नाही, असं तेव्हाच कानावर आलं.

*

मुंबईहून एक इंजिनिअर आला. मांडव्याला बोटीतून उतरून थेट ऑफिसात. "शिक्षण?"

"सातवी."

"मग हात लावू नका."

त्याने पेनड्राइव्हमधली यादी घातली. लाल पट्टी आली. मी म्हटलं, तारीख वाचा. तो म्हणाला, नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, आणि परतीची बोट पकडायला निघून गेला. यादी मी बदलली. रिपोर्टवर सही त्याची आहे.

*

या डिसेंबरात इंटरनेट चार दिवस बंद. नवी यादी उतरेना, लाल पट्टी आलेली, आणि दुसऱ्या दिवशी तपासणी. साहेबांनी जुनीच यादी उघडली, मुदतीची तारीख खोडून पुढच्या वर्षाची टाकली. पट्टी गेली.

"बघा काका. दोन मिनिटांचं काम."

"आत यादी जुनीच आहे, साहेब."

"आत कोण बघतंय?"

मी खिशातून माझं कॉन्ट्रॅक्ट काढलं. त्याची मुदतही महिनाअखेरीस संपत होती. त्यांच्यापुढे ठेवलं.

"ही तारीखपण तेवढी पुढे करा."

साहेबांनी चष्मा लावून कागद पूर्ण वाचला.

"काका, तारीख अशी बदलता येत नाही. नियम असतात."