तंबू ठोकला, आता पिक्चर लाव!

तंबूतली माती झटकली की जाते. किस्से झटकून जात नाहीत, ते साचत राहतात. दर हिवाळ्यात आई, आबा, मी, बायको सुजाता आणि आमची मुलगी मुक्ता असे सगळे एखादा शनिवार-रविवार बारामतीच्या आसपास कुठंतरी तंबू ठोकतो. ऑफिसात मी सांगतो, निसर्ग बघायला चाललोय. पुढं आठवतं ते मात्र टीव्हीचं नाहीतर पिक्चरचं!

*

पहिल्या खेपेला सुजातानं नियम काढला, "दोन दिवस कुणी स्क्रीन बघायची नाही."

जागा इंदापूरकडची, समोर उजनीचं पाणी. संध्याकाळी आई म्हणाली, "जरा पाय मोकळे करून येते." बराच वेळ झाला तरी आली नाही. सुजाता शोधायला गेली. तीही आली नाही!

शेवटी मी निघालो. जवळच्या वस्तीवर एका घरात तिघी ओळीनं बसल्या होत्या. त्या घरच्या वहिनी, आई आणि सुजाता. समोर सिरीयल.

मी दारातून म्हटलं, "अगं, तुझा नियम?"

सुजातानं मानसुद्धा वळवली नाही. "थांब, ब्रेक लागू दे!"

*

आबा रिटायर झाल्यापासून मोबाईलवर जंगलाचे कार्यक्रम बघतात. सुप्याजवळ माळावर तंबू होता, तेव्हा सकाळी खुर्ची टाकून ते आफ्रिकेतला सिंह बघत होते. एवढ्यात माळावरून एक चिंकारा आला आणि त्यांच्या पाठीमागं येऊन उभा राहिला.

मुक्ता कुजबुजली, "आबा, मागं बघा ना, हरीण!"

आबांनी हात वर केला. "गप गं. हितं सिंह शिकार करतोय!"

सिंहाची शिकार हुकली. आबांनी वैतागून मोबाईल खिशात टाकला आणि मागं वळले. माळ रिकामा.

"कुठं हाय हरीण?"

"गेलं."

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय!"

*

सणसरला माझा मेहुणा प्रवीण राहतो. त्याच्या रानात, कांद्याच्या कडेला तंबू लावला होता. मोबाईलवर पिक्चर चालू होता आणि पिक्चरमध्ये हिरॉईनचं पावसातलं गाणं. नेमकी तेव्हाच शेतीची लाईट आली, मोटर आपोआप चालू झाली आणि स्प्रिंकलर फिरायला लागले. तंबूवर सरी!

प्रवीण मोटरकडं पळाला. सुजाता अंथरुणं ओढत सुटली. आबा एका जागी उभं राहून ओरडत होते, "आधी त्ये पावसाचं गाणं बंद करा!"

*

त्यानंतर आम्ही छोटा प्रोजेक्टर घेतला. निरवांगीला नीरेच्या काठी दोन बाभळींमध्ये पांढरी चादर बांधली. पलीकडं एका मेंढपाळाचा मुक्काम होता. त्याला आणि त्याच्या बायकोला मी बोलवायला गेलो. तो म्हणाला, "मेंढरं सोडून कसं येऊ? आमी हितनंच बघतो." चादर पातळ होती, पलीकडूनही दिसायचं. दोघांनी तिकडच्या बाजूनं अख्खा पिक्चर बघितला.

सकाळी तो दूध घेऊन आला. "पिक्चर भारी हुता. पर हिरो डावखुरा हाय व्हय?"

पलीकडून चित्र उलटं दिसतं, हे समजावायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात आबा म्हणाले, "व्हय. जन्मापासनं!"

*

आई-आबांचं नवीन लग्न झालं तेव्हा सुप्याच्या बाजाराला तंबूतला सिनेमा यायचा. दोघं जायची, पण गावाकडची शेवटची एसटी चुकू नये म्हणून पिक्चर संपायच्या आत उठायची. त्यातला एक आईच्या मनात राहिला. मुलगा शहरात जातो आणि माय दारात वाट बघत बसते. तिथंच त्यांना उठावं लागलं. पुढचं आबांनी कुणाकडून तरी ऐकलं आणि आईला सांगितलं. मुलगा घरी येतो, माय त्याला वाढते, तो पोटभर जेवतो. आम्हाला लहानपणी झोपवताना आई हाच पिक्चर सांगायची.

गेल्या हिवाळ्यात मुक्तानं तो मोबाईलवर शोधून काढला. पाण्याच्या काठी चादर बांधली. आई सगळ्यात पुढं, पदर सावरून बसली. या वेळी एसटी गाठायची नव्हती.

शेवट आला. माय दारात. रस्ता रिकामा. शेजारणी येऊन तिला हलवतात, ती हलत नाही. मुलगा आलाच नाही.

पडदा पांढरा झाला. मग आई आबांकडं वळली. "तुमी तर त्याला घरी आणला हुता."

आबा उठले आणि चादरीची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना.

"मला कुणी सांगितलंच न्हवतं," ते म्हणाले. "तू एसटीत रडत हुतीस."

आईनं उठून दुसऱ्या टोकाची गाठ सोडली. दोघांनी मिळून चादरीची घडी घातली.

थोड्या वेळानं इंदापूरच्या मावशीचा फोन आला. तिलाही तो पिक्चर आईकडूनच ठाऊक होता.

"जय भीम, अक्का," आई म्हणाली. "व्हय, सापडला. आत्ताच सगळा बघितला."

मावशीनं शेवटाचं विचारलं.

"येतो की!" आई म्हणाली. "आन चांगला पोटभर जेवतो."