देवरावकाकाचं मोठं अक्षर

तांदूळ निवडताना खडे बाजूले काढून ठेवतो ना आपण, तसे हे किस्से. बसली मी इंग्रजी शिकवाले, आन् ढीग झाला खड्यांचाच! बालाघाटात आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहारात दर रविवारी दुपारी मी बायांचा इंग्रजीचा क्लास घेते. आठवडाभर शाळेत लेकरांवर ओरडते, रविवारी त्याईच्या आयांवर. फीस नाही, म्हणून कोणी ऐकत बी नाही.

सुरुवात बिघडली ते माह्याच तोंडानं. मंदानं विचारलं, "मॅडम, लहान अक्षर आन् कॅपिटल, दोघायचा आवाज एकच. मंग दोन-दोन काहून?"

मी घाईत म्हटलं, "अवं, नावाले मान द्या लागते!"

बस्स! तो 'मान' बाया घरी घेऊन गेल्या.

पुढच्या रविवारी मंदाच्या वहीत सासूचं नाव कॅपिटलनं, सासऱ्याचं कॅपिटलनं, आन् नणंद रेखा लहान अक्षरात. मी लाल पेननं सुधरवलं. मंदानं माह्या डोळ्यासमोर ते खोडलं. "दिवाळीत तिनं माह्या माहेरच्या साडीले नावं ठेवली. खास किरनापूरहून आणली होती माह्या आईनं! तिले मोठं अक्षर मी देत नाही. मार्क कापा!"

कापले. काय करता?

लामता म्हणजे एवढंसं गाव; तिथल्या लताबाईचं दुखणं वेगळंच. "मॅडम, लामत्याले बी कॅपिटल?"

"हौ."

"आन् दिल्लीले?"

"तिले बी."

"सेम साइज?"

"सेम साइज!"

त्या दिवशी लताबाई घरी जाताना बालाघाटवाल्या बायांकडं अशी पाहून राह्यली होती, जशी राजधानीच लामत्याले हलवली.

'आय' शिकवला तो दिवस तं मी विसरूच शकत नाही. आय म्हणजे मी. वाक्यात कुठंबी येवो, कॅपिटलच. शेवंताकाकू आमच्या क्लासात वयानं सगळ्यात मोठी, दोन सुनांची सासू. चष्मा वर सारून उभी झाली. "म्हणजे तू लहान, तो लहान, ते बी लहान, आन् फकत मी मोठी?"

"हौ काकू."

"मधात आली तरी?"

"मधात आली तरी."

काकू खाली बसली. मंग हळूच म्हणे, "हे भाषा लग्नाच्या पयले काहून नाही शिकवली कोणं?"

आता याच काकूचं ऐका. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात तोंडानं घेतलं नाही. 'आमचे हे', बस. पण लिवाले हरकत नव्हती! वहीत देवराव लिवलं ते अख्खं कॅपिटलमध्ये. मी म्हटलं, "काकू, पयलंच अक्षर मोठं." "राहू द्या मॅडम, नवरा हाये!" घरी नेऊन कौतुकानं त्याईले दाखवलं बी.

पण गल्लीतले लोक देवरावकाकाले चिडवाले लागले, "काकू कलेक्टर बनून राह्यली का?" झालं! काकाचा हुकूम सुटला, क्लास बंद. मले मनापासून वाईट वाटलं. नातीचे इंग्रजी मेसेज काकूले स्वतः वाचाचे होते, दुसऱ्याच्या तोंडून नाही. त्या एका हौसेपायी ते एकही रविवार चुकली नव्हती.

काकू सांगाले आली, "मॅडम, हा आखरीचा क्लास." खडू उचलला आन् फळ्यावर लिवलं, 'देवराव सेज नो क्लास.' नाव अख्खं लहान अक्षरात!

तेवढ्यात काका स्कूटी घेऊन न्यायले आले. दारातूनच फळा दिसला. इंग्रजी येत नव्हती त्याईले, पण काकूच्या वहीतून आपल्या नावाचे मोठे-लहान दोन्ही चेहरे ओळखून होते. "मॅडम, हे तं मोठं होतं ना? लहान कसं झालं?"

"काका, घरचा मामला हाये. काकूले विचारा."

साऱ्या बाया हासल्या. काकू नाही हासली. पिशवी उचलून स्कूटीवर जाऊन बसली.

पुढच्या रविवारी पाह्यते तं काकू सगळ्याईच्या पयले हजर! मले इतका आनंद झाला का काय सांगू. फळ्यावर देवरावचं पयलं अक्षर मोठं.

"काय झालं काकू?"

"चहा केला त्याईनं."

त्याच्या पुढच्या रविवारी दुसरं अक्षर बी मोठं. आता मात्र मी ओरडली, "काकू, बिलकुल गलत! एकतर पयलं अक्षर मोठं, नाही तं अख्खं नाव. मधातच कसं थांबवता?"

काकूनं खडूचे हात पदराले पुसले. "मॅडम, माणूस जेवढा सुधरला तेवढंच लिवते मी."

परवा क्लास सुटला तं देवरावकाका बाहेर स्कूटीवर बसून होते. बायको न्यायले आता वेळेच्या आधीच येतात. मले खुणेनं बाजूले बोलावलं, मागं-पुढं कोणी ऐकते का ते पाह्यलं, आन् हळूच विचारलं,

"मॅडम, भांडे घासले तं एक अक्षर भेटते का दोन?"