शेळीभोवतीचा रिकामा माळ

बावन्नाव्या वर्षी माणसाने नवीन काही शिकायला निघू नये, असं माझे डोळे, माझी मान आणि माझी बायको या तिघांचं मत आहे. तिघांत बायको कमी कुरकुरते.

माझा धंदा चादरींच्या नक्षीचा. चौकटीच्या कागदावर एकेक चौकट रंगवत जायचं. मोर काढायचा तर अर्धाच, उरलेला अर्धा माग आपणहून विणतो. तीस वर्षं मी अर्धे मोर, अर्धी कमळं आणि अर्धे हत्ती काढले. आता ते काम कॉम्प्युटर करतो आणि मी कॉम्प्युटरच्या चुका काढतो. दोघंही एकमेकांना कंटाळलोय.

बायको झेडपीच्या शाळेत दुसरीला शिकवते. गेल्या वर्षी शाळेत चित्रांच्या पुस्तकांची पेटी आली आणि त्यांना कव्हरं घालायचं काम तिने घरी आणलं, म्हणजे माझ्यापुढे ठेवलं. दोन संध्याकाळींचं काम मला तीन आठवडे पुरलं. एका पानावर एक म्हातारी शेंगा सोलत बसलेली. चित्रकाराने तिचा चेहरा दाखवलाच नव्हता, नुसती पाठ, पण बाई चिडलीय हे त्या पाठीवरून कळत होतं. दुसऱ्या पुस्तकात मांजर पानाबाहेर निघून गेलं होतं, कडेला शेपटीचं टोक तेवढं राहिलेलं. ते कुठं गेलं हे बघायला पान उलटावंच लागतं. आणि एक पान तर जवळजवळ कोरं. खाली कोपऱ्यात नखाएवढी मुलगी, बाकी सगळं आभाळ. ते पान मी कितीतरी वेळ हातात धरून बसलो. आमच्याकडे एवढी जागा कोणी मोकळी सोडली असती तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

मग मी रंग आणले. ही बातमी नात्यात पसरली तेव्हा धाकट्या भावाने चारचौघांत विचारलं, की दादाचं नाव बालवाडीत घालायचं की थेट पहिलीत.

पुण्यात मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका संपादक बाईंचा पत्ता बायकोला तिच्या प्रशिक्षणात मिळाला होता. मी चार चित्रं पाठवली. त्यांनी उलट एका गोष्टीतल्या दोन ओळी पाठवल्या: शेळी माळावर वाट चुकली. चालून चालून पाय दमले, पण माळ काही संपेना. समोरासमोरच्या दोन पानांवर याचं चित्र काढा, जमलं तर अख्खं पुस्तक तुमचं. ते पुस्तक मला फार हवं होतं. या वयात एखादी गोष्ट इतकी हवीशी वाटणं बरं दिसत नाही, म्हणून मी कुणाला बोललो नाही.

कामावरून आलो की मान चोळत बसायचो आणि काढायचो. बारा दिवस लागले. निदान शेळी एकच काढली, समोर तिच्याकडे तोंड करून दुसरी उभी केली नाही, याचंच मला कौतुक.

बाईंचा फोन आला. शेळी सुरेख आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण गोष्ट कुठं छापू?"

मी चित्र पुन्हा बघितलं. आभाळभर बारीक फुलांच्या बुट्ट्या. माळभर बुट्ट्या. चारी बाजूंनी किनार. बोट टेकवायला जागा नव्हती. बायकोने त्याचा मोबाइलवरचा फोटो वर्गात दाखवला होता म्हणे. एका पोराने विचारलं होतं, "बाई, ही चादर हाय व्हय?" हे तिने मला चार दिवसांनी सांगितलं, माझं जेवण नीट झालेलं बघून.

दोष मला नक्षी शिकवणाऱ्या मास्तरांचा. ते तेलुगू बोलणारे, पण हे मला त्यांनी मराठीत बजावलेलं: नक्षीत मोठी जागा रिकामी सोडली की धागा सुटा लोंबतो, आणि लोंबलेला धागा कुणाच्या तरी बांगडीत अडकतो. म्हणून रिकामं दिसलं की बुट्टी टाक. मी टाकत आलो. कागदावरच्या आभाळात कुणाचीही बांगडी अडकत नाही, हे हाताला कोण सांगणार.

बाईंनी आठवड्याची मुदत दिली. या वेळी उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात लहानशी शेळी काढली, आणि मग न काढण्याचं काम सुरू झालं. मला वाटतं मी तीस वर्षांत इतका दमलो नव्हतो. शेवटी फोटो काढून पाठवला आणि बायकोला म्हणालो, हे पान शाळेत घेऊन जा, घरात राहिलं तर माझा हात त्यावर जाईल.

शनिवारी उत्तर आलं. चित्र पसंत, पुस्तक तुमचं. फक्त मोबाइलचा फोटो छपाईला चालत नाही, मूळ चित्र पाठवा.

मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापायची थांबली.

"अहो, ते मी वर्गात खालच्या बाजूला लावलंय. पोरांच्या हाताला येईल असं."

सोमवारी पान घरी आलं. आभाळात सूर्य, दोन पतंग, एक विमान. शेळी उपाशी राहू नये म्हणून तिच्या तोंडाशी गवत. आणि चारी बाजूंनी पेन्सिलीने किनार, कोपरे नीट वळवलेले.

"ही किनार कुणाची?"

"मागावाल्यांची पोरगी आहे एक."

"कोपरा चांगला वळवलाय," मी म्हणालो. खरंच अवघड असतो तो.

बाईंकडून आणखी चार दिवस मागून घेतले. आज नवा कागद. शेळी तासाभरात झाली, आता ती माझ्या हाताला पाठ झालीय. उरलाय तो माळ. मान डावीकडे वळत नाही, डोळ्यांत पाणी येतंय आणि उजव्या हाताला आभाळात एक, फक्त एक, बुट्टी टाकावीशी वाटतेय.

बायको वह्या तपासून उठली. झालं का, म्हणाली.

"झालं. आता नुसतं थांबायचंय."

तिने माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि धुवायला मोरीत नेला.