ओळंब्याच्या भिंतीतला वळसा

ओळंब्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. गजर नाही. डोळे उघडले की पाय जमिनीवर. कामावर सगळ्यांच्या आधी पोचायचं, कारण आदल्या दिवशीची भिंत त्याला सकाळच्या तिरप्या उजेडात बघायची असे. गिलाव्याला आलेलं पोट, म्हणजे फुगवटा, त्या उजेडात लपत नाही. दिसलंच, तर काल केलेला तुकडा आज स्वतःच खरवडून काढायचा. मुकादम ओरडायचा, "अरे, रंग लागल्यावर कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना," ओळंबा म्हणायचा. विषय संपला.

तो गवंडी. नाव आम्ही कामावरच्यांनीच ठेवलं. ओळंबा म्हणजे दोरीला टांगलेलं वजन. भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं. मी फरशीवाला. त्याच्या मागून गेलो की माझ्या फरशा कोपऱ्यात आपोआप बसायच्या. इतरांच्या मागून गेलो की निम्मा दिवस कापाकापीत जायचा. मी उगाच कुणाची तारीफ करत नाही. त्याने माझे कष्ट वाचवले, म्हणून लिहितो.

घरात तीन माणसं. तो, वहिनी आणि लेक. लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून ते घर हातांनी बोलतं. वहिनींचे हात भराभर चालतात. ओळंब्याचे जड, थापीने माल मारल्यासारखे. लेक म्हणते, "बाबा सिमेंटमध्ये बोलतो. वाळेपर्यंत थांबावं लागतं." तिच्या खुणा मला आता बऱ्याच कळतात. नाही कळल्या तर वहिनी सांगतात. बापाचं नावही तिने खुणेचं ठेवलंय: एका हाताची चिमूट वर धरायची, तिच्याखाली दुसरी मूठ झुलवायची आणि एकदम स्थिर करायची.

मागची खोली त्याने लेकीसाठी बांधली, सुट्टीच्या दिवशी, एकट्याने. पुढच्या खोल्या दुसऱ्या कुणी बांधलेल्या, भिंतींना तडे. मागच्या खोलीला तडा जाऊ द्यायचा नाही, असं त्याने मनात घेतलं. वीट आणि खांब जिथे भेटतात, तेवढ्या सांध्यावर लोखंडी जाळी ठोकून त्यावर गिलावा चढवतात. याने अख्ख्या खोलीला जाळी ठोकली. छतालाही. मी म्हटलं, "अरे, खोली आहे की तुरुंग?"

"तडा दाखव, मग बोल."

अजून दाखवू शकलेलो नाही.

मग लेकीच्या कामाचं निघालं. ऐकू न येणाऱ्या मुलांची एक शाळा आहे. लांब राहणाऱ्या, शाळेपर्यंत येता न येणाऱ्या मुलांना घरबसल्या संगणकावरून खुणांची भाषा शिकवायची. शाळेच्या बाईंना लेक पसंत होती. अट एकच. सोमवारी एक तास शिकवून दाखवायचं. चित्र अडकत राहिलं तर काम दुसरीला. अट रास्त होती. आपला आवाज फोनवर खरखरला तरी आपण अंदाजाने समजून घेतो. हात मध्येच गोठला की शब्द अर्धाच राहतो. लहान मुलाने काय समजायचं? लेकीला तर हे काम हवंच होतं. आजवर तिला मिळालेल्या कामांत लोक तिच्याशी कागदावर लिहून बोलत. इथे ती बोलणार होती.

वर्गाला जागा मागचीच खोली हवी. समोर खिडकी, हातांवर उजेड. पाठीमागे कोरी, सपाट भिंत. पुढच्या खोलीत वहिनींचं शिलाईयंत्र, दोरीवर कपडे, आल्यागेल्याची वर्दळ. मागे काही हललं की मुलांचे डोळे तिकडे पळतात. पण इंटरनेटचा डबा पुढच्या खोलीत, दारापाशी, जिथे लाइन घरात शिरते.

तपासून बघायला लेक मागे संगणकापुढे बसली, मी पुढे फोनवर तिचं चित्र बघत. तिने हात वर केला आणि चित्रात तो तसाच राहिला, चौकातल्या पोलिसासारखा. थोड्या वेळाने ती बाहेर आली. "काय कळलं?"

"गाडी थांबवायची, एवढं कळलं."

हसली, पण डोळे हसले नाहीत.

वहिनींनी सिग्नल वाढवणारा डबा आणून मागच्या खोलीत लावला. काही फरक नाही. तिथे मुळात येतच नव्हतं, तर तो वाढवणार काय? शेवटी इंटरनेट जोडणाऱ्या बाईला बोलावलं. कमरेला हत्यारांचा पट्टा, बोलायला फटकळ. हातातल्या फोनवर वेग बघत ती पुढून मागे चालत गेली. उंबरठ्यावर थबकली. एक पाय मागे, एक पाय पुढे. वेग तिथेच पडत होता. मग भिंतीवर टकटक केलं.

"काका, भिंतीत काय भरलंय?"

ओळंब्याची छाती फुगली. "जाळी. चारी बाजूंनी. छतालाही."

"छतालाही?"

"सलग. कुठे बोटभर जागा मोकळी नाही."

बाई खाली बसून हसायला लागली. "काका, सिग्नलला आत शिरायला तुम्ही फटच ठेवली नाहीत! लोखंडापुढे तो थांबतो. आम्ही मुद्दाम बांधायला गेलो तरी अशी खोली जमायची नाही."

"जन्मभर सांगतेय," वहिनी म्हणाल्या, "या माणसाला बेताचं काही करता येत नाही."

बाईने उपाय सांगितला. पुढच्या डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत केबल न्यायची, तिच्या टोकाला आत दुसरा डबा लावायचा. मग जाळीचा त्रास नाही. "खिळे मारून वरच्यावर आजच टाकून देते."

"माझ्या भिंतीवर वायर लोंबणार नाही."

"मग तुम्हीच खाच पाडा आणि पुरा. शनिवारी येऊन टोकं जोडते. फक्त कोपऱ्यात केबल मोडू नका."

"मी? आणि मोडणार?" ओळंबा दुखावला.

सामानाचे पैसे त्याने पगारातून काढले. त्या पगारातून कवळी व्हायची होती. पुढचे दात गेलेले, हसताना तोंडावर हात धरायचा; कवळीचं माप देऊन झालेलं. वहिनींनी आठवण करून दिली. तो म्हणाला, "भिंत चावायची नाहीये मला."

स्वतःच्या गिलाव्यावर त्याने छिन्नी टेकवली तेव्हा हात जरा थांबला. मग चालू झाला. खाच कशी, तर पट्टीने रेघ मारल्यासारखी. कोपऱ्यात गुण्या लावून तपासलेला काटकोन. केबल ताणून बसवली, कोपऱ्यात अंगठ्याने दाबून चपखल केली, वर माल भरून घोटला. वाळल्यावर खाच कुठे होती ते मलाही ओळखता आलं नसतं.

शनिवारी बाईने टोकं जोडली. वेग येईना. आला तर टिकेना. तिने केबलला तपासणीचं यंत्र लावलं, मोजत भिंतीच्या कडेने गेली आणि बोट ठेवलं. "बिघाड इथे. इथे काय आहे?"

"कोपरा."

"कसा वळवलाय?"

"नव्वदात. गुण्या लावून," ओळंबा म्हणाला. आवाजात अजून अभिमान होता.

बाईने उरलेल्या केबलचं टोक सोलून त्याच्या तळव्यावर ठेवलं. आत बारीक तारा, जोडीजोडीने पीळ घातलेल्या. "हा पीळ जपावा लागतो, काका. घडी घातली की बिघडतो. हिला सावकाश वळू द्यायचं असतं."

लेक पुढे आली. तिचे हात तोडून तोडून बोलले. "बाबा, तुझ्या भिंतीसाठी माझं काम जाऊ देऊ नकोस."

हे त्याला लागलं. बाईकडे वळून म्हणाला, "ताई, दुसरी केबल आत्ता वरच्यावर टाका. लोंबू दे. उद्या मला जमलं तर ती आत जाईल. नाही जमलं तर तशीच राहील."

बाईने टाकली. वेग पुरेपूर आला. लेकीचं सोमवारचं काम त्याच क्षणी बचावलं होतं. ओळंब्याचं मात्र बाकी होतं.

रविवारी मी गेलो तेव्हा जुनी खाच उकरून, कोपरा फोडून झालेला आणि हा हातात छिन्नी घेऊन उभा. "वळसा कशाने आखतात रे?" आयुष्यभर सरळ रेघा मारलेला माणूस, त्याच्याकडे गोल आखायला काही नव्हतं. वहिनींनी आतून ताट आणलं. "घ्या. घरात हे एक तरी गोल आहे." ताटाच्या कडेने त्याने कोपऱ्याच्या आधीपासून वळण आखलं, तेवढी भिंत कोरली. या वेळी केबल ताणली नाही. हाताने सैल सोडत नेली, झोपलेल्या पोराला उचलावं तशी. वेग तपासला. तसाच पुरेपूर. मग माल भरला. दमलेला दिसत होता. मेहनतीने नाही, मेहनत आवरण्याने.

सोमवारी लेकीने दार लावून घेतलं. आम्ही तिघं बाहेर. दाराला कान लावायची सोय नाही. हा वर्ग ऐकू येत नाही. वहिनींनी यंत्रावर एकच शिवण दोनदा मारली. ओळंबा भिंतीवरून हात फिरवत होता.

दार उघडलं. लेकीने बापाला आत बोलावलं. पडद्यावर शाळेच्या बाई हसत होत्या. काम पक्कं झालं होतं. बाकीच्या चौकटींतून मुलं हात हलवत होती. एकाने खुणेने विचारलं, "हा बिनदाताचा कोण?"

लेकीने चिमूट वर धरली, मूठ खाली झुलवून स्थिर केली आणि मग जराशी वळवली. तो वळसा नवीन होता. ओळंबा तोंडावर हात न धरता हसला.

त्याने त्या पगारातून जे घेतलं ते हे: केबल, एक डबा, आणि एवढ्या पोरांचे हात, एकही न गोठलेला.