काकांचा पाना आणि मावशीचं ‘पुरे’

माणसाच्या हातावर आमच्या मावशीच्या यजमानांइतका अविश्वास असलेला माणूस उभ्या रत्नागिरीत दुसरा झाला नाही. यात त्यांचा स्वतःचा हातही आला. मिरकरवाड्याच्या बंदरावर मच्छीमार लाँचींची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात काकांचा जन्म गेला, पण "हात खोटं बोलतो" हे त्यांचं ब्रीदवाक्य. "सकाळी बायकोशी भांडून आलास की हात जास्त आवळतो, नि मासळी बरी मिळाली की सैल सोडतो. बोल्टाला काय ठाऊक तुझ्या घरातलं?" असं ते खलाशांना विचारत. म्हणून त्यांनी मुंबईहून टॉर्कचा पाना आणवला होता. हातभर लांब. किती जोर हवा तो त्याच्या मुठीवर फिरवून लावायचा, आणि तेवढा जोर पुरा झाला की पाना ‘टक्’ असा आवाज करणार. त्या टक्‌वर काकांची जी श्रद्धा होती ती घरच्या गणपतीवरही नव्हती. मी त्या वेळी, म्हणजे ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या सुमारास, देवरूखहून येऊन कोर्टात टायपिस्ट म्हणून लागले होते आणि मावशीकडे राहत होते. त्यामुळे दिवसभर टाइपरायटरची टकटक आणि घरी आलं की काकांची, असा माझा तरुणपणाचा काळ गेला.

काकांचा जगातला एकमेव वैरी म्हणजे ‘आणखी एक पीळ’. बोल्ट नीट बसला तरी खलाशी निव्वळ मायेपोटी त्याला आणखी एक पीळ देणार, आणि माया अनावर झाली तर पान्याला लोखंडी पाइप अडकवून दोघं लोंबकळणार. डिझेल पंपाच्या बाबतीत तर काका कुणाला जवळ फिरकू देत नसत. पंपाचे बोल्ट सैल राहिले तर तो जागचा हलतो, डिझेल अवेळी उडतं आणि भर समुद्रात इंजिन धूर ओकत बसतं. जास्त आवळले तर बोल्टाचं मुंडकं तरी उडतं, नाहीतर पंपाचा कान तरी, म्हणजे बोल्ट बसतो ती भोकाची कड. "अरे, बोल्ट थोडा ताणला की धरून राहतो. जास्त ताणलास की मेला. माणसासारखंच हाय ते," असं म्हणून ते पेच पेट्रोलने पुसून कोरडा करत आणि त्यावर निळ्या औषधाचा एक थेंब सोडत. हे औषध म्हणजे पेच धरून ठेवणारा पातळ गोंद. वारा लागतोय तोवर पाणीच राहणार, पण बोल्टात जाऊन कोंडलं की घट्ट. निळं असलं तर पान्याने पुन्हा सुटतं, लाल असलं तर बोल्ट तापवल्याशिवाय सुटायचं नाव नाही. बंदरावर काका निळ्याचे भक्त होते. घरी मात्र त्यांच्या अंगात लाल संचारत असे.

घरात डगमगणारी एकही वस्तू त्यांनी सुखाने डगमगू दिली नाही. चष्म्याच्या काडीला औषध, कुकरच्या मुठीला औषध, देवघराच्या कडीला औषध. मावशीची मिटणारी विळी जरा लचकते म्हणून तिच्या खिळीला त्यांनी लाल थेंब सोडला आणि तेव्हापासून ती विळी कायमची पातं वर करून कोपऱ्यात बसली. मावशीच्या नडगीवर त्या पात्याची खूण होती. त्यावर काका म्हणाले, "पण लचकते काय आता?" नळाची तोटी कुणी जोरात पिळली तर ते जेवणावरून उठत. मला बघायला एक स्थळ आलं होतं. मुलगा गोरागोमटा, बँकेत. हात धुऊन त्याने तोटी अशी पिळली की तिने किंचाळी फोडली. काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि मंडळी गेल्यावर जाहीर केलं, "नाय द्यायची पोरगी. उद्या हिलापण असाच आवळील." मी दोन दिवस रडले. पुढे त्या मुलाचं लग्न झालं, त्याच्या बायकोला मी बाजारात एक-दोनदा पाहिलं आणि माझं रडू साफ आटलं.

संध्याकाळी घरी आले की पाय धुण्याआधी काका पाना शून्यावर आणत. आतल्या स्प्रिंगला रात्रभर ताणून ठेवलं तर तीसुद्धा खोटं बोलायला शिकते, असं त्यांचं म्हणणं. मग पाना पुसायचा, फडक्यात गुंडाळायचा, खुंटीला टांगायचा. मावशी ओट्यापासून ओरडायची, "त्या मेल्याला झोपवतात, नि मी सकाळपासून उभी आहे, मला कुणी बस म्हणत नाही! पुरे झालं आता, जेवायला या!" मावशीच्या बोलण्यात ‘पुरे’ हा शब्द श्वासासारखा यायचा. पुरे तो पाना, पुरे ते डिझेलचे हात, पुरे तुमची अक्कल. आवाज असा की भाट्याच्या खाडीपलीकडे माणसं दचकावीत. आणि लग्न झाल्यापासून तिच्या एकाही ‘पुरे’ला काका थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

एका पावसाळ्यात काकांच्या हातून बोल्ट तुटायला लागले. आधी एक, मग दुसऱ्या लाँचवर आणखी एक. "हल्ली लोखंडात दमच नाय," काका म्हणाले. बंदरावर कुजबुज सुरू झाली. एक दिवस पडवीतल्या बाकावर, वाइसच्या लोखंडी जबड्यात बोल्ट धरून ते पाना तपासत होते. मी आणि मावशी आत कोकमाची सोलं निवडत बसलो होतो. टक् झालं. आम्हाला स्वच्छ ऐकू आलं. काका ओढतच राहिले. सोडून त्यांनी पुन्हा ओढलं, पुन्हा टक्, आणि काका कान पान्याशी नेऊन आणखी जोर लावतायत. शेवटी बोल्टाचं मुंडकं अंगणात जाऊन पडलं. जन्मभर इंजिनांच्या धडधडीत बसून त्यांच्या कानातले बारीक आवाज गेले होते. जाडे तेवढे उरले होते. काका आत आले. चेहरा लहान झाला होता. "पाना मुका झाला गो," ते म्हणाले. मावशीने माझ्याकडे एकदा पाहिलं. ही बाई आता काय तोंड सोडते म्हणून मी श्वास धरला. ती सोलांकडे बघत म्हणाली, "झाला असेल. जुना झाला की होतं."

नारळी पौर्णिमा तोंडावर आली होती आणि मावशीच्याच धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या मामाच्या, लाँचवर पंप बसवायचा होता. मामा घरी येऊन खाली मान घालून म्हणाला, "भावोजी, राग नको. पण खलाशी म्हणतायत पाइपवाल्याला बोलवू या." सगळ्या बंदराला ज्याने आयुष्यभर पाइपावरून शिव्या घातल्या, त्याच्या मेव्हण्याच्या लाँचवर पाइप येणार! आणि एकदा तो आला की काकांना पुन्हा कोण बोलावणार होतं? "उद्या हेच बसवतील पंप," मावशी म्हणाली, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन माझ्यासह शिडीवरून लाँचवर चढली. पंचवीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. खलाशी एकमेकांकडे बघू लागले. "काय बघता? जेवण गार होतं म्हणून आलेय," असं म्हणून ती थेट इंजिनापाशी बैठक मारून बसली. काकांनी पेच पुसला, निळा थेंब सोडला, बोल्ट हाताने बसवला आणि पाना लावला. टक् झालं. "पुरे!" मावशी गरजली. "जेवायचं नाही का आज?" खलाशी हसले. काकांनी मान वर केली. क्षणभर ते तिच्याकडे पाहत राहिले आणि त्यांनी पाना काढला. दुसरा बोल्ट. टक्. "पुरे! किती वेळ तो!" काका थांबले. तिसरा, चौथा. बघणाऱ्यांना वाटलं, बाईने बंदरावर येऊनही नवऱ्याचा पिच्छा सोडला नाही. मला मात्र हुंदका आवरेना, म्हणून मी डिझेलच्या वासाचं निमित्त करून तोंडाला पदर लावला. घरी जाताना तिचा डबा काकांनी हातात घेतला होता.

मामाची लाँच पौर्णिमेला निघाली आणि हंगाम संपेपर्यंत तो पंप जागचा हलला नाही. त्यानंतर जिथे काका तिथे मावशी. "काकूने ओरडल्याशिवाय काका बोल्ट सोडत नाय," अशी बंदरावर थट्टा चाले आणि दोघंही ती चालू देत. कानांबद्दल घरात एक शब्द कधी निघाला नाही.

मावशी गेली तेव्हा माझं लग्न होऊन मी चिपळूणला होते. दिवसकार्य झाल्यावर मामा बिचकत काकांना म्हणाला, पंप यायचाय, बसवाल काय? मी पटकन म्हटलं, "मी येते ना काका. मी सांगेन तुम्हाला पुरे म्हणून." काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुझा आवाज नाय गो पोचत, बाय," ते म्हणाले. मग त्यांनी पाना शून्यावर आणला, पुसला, मावशीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळला आणि खुंटीला टांगून ठेवला.